गाळलेली आई : परदेशी दत्तक आणि आपल्या माध्यमांचे व्याकरण

गेल्या सत्रात पदवीच्या तिसऱ्या वर्षाला ‘प्रसारमाध्यमांसाठी लेखन’ हा भाग शिकवत होतो. जाहिरातलेखनाच्या सरावासाठी विषय दिला : येथील मुले परदेशातील दांपत्यांना दत्तक देणाऱ्या एका कल्पित संस्थेसाठी एक मिनिटाच्या जाहिरातीची संहिता लिहा. एकतीस संहिता आल्या. भाषा बरी होती, काहींची तर चांगलीच होती. पण एकतीसही संहिता जणू एकाच हाताने लिहिल्या होत्या. लोखंडी खाटांची रांग, खिडकीतून येणारे ऊन, एका सावळ्या मुठीत अडकलेले गोरे बोट, विमानतळ, मागे अंगाईचे सूर आणि अखेरीस बर्फात हसत धावणारे मूल. त्या मुलाला जन्म देणारी बाई एकाही संहितेत नव्हती. दोघांनी कचराकुंडी दाखवली होती. बाई मात्र कोणीच दाखवली नव्हती.

संहिता परत दिल्या त्या दिवशी एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. म्हणाली, “सर, मी लिहिलंय ते मला परत द्या, मला ते फाडायचंय.” कारण विचारले तर बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आमच्या आत्यानं दिलंय बाळ. मी जन्मायच्या आधी. परदेशात गेलं म्हणतात. आत्या अजून पेपरात असला फोटो आला की पान बाजूला काढून ठेवते. आणि मी जाहिरात लिहिली त्यात आत्याच नाही.” याहून अधिक तिने सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही. जे सांगितले त्यातलेही ओळख पटेल असे सारे येथे गाळले आहे; कारण या हकिकतीवर वाचकाचे डोळे ओले करणे हा माझा हेतू नाही. ओल्या डोळ्यांचा धंदा हाच तर या लेखाचा विषय आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : परदेशी दत्तकाविषयी जाहिराती, चित्रपट आणि मुख्य प्रवाहातील वृत्तपत्रे-वाहिन्या जी कथा सांगतात ती जन्मदात्रीला गाळल्याशिवाय उभीच राहू शकत नाही. हे गाळणे अनवधानाचे नाही. त्या कथेचा तो पाया आहे. आणि आम्ही मराठी शिकवणारे लोक हा पाया न तपासता मुलांना त्यावर मजले चढवायला शिकवतो, ही आमची लाज आहे.

कोल्हापुरात राहून ‘दत्तक’ या शब्दाबद्दल अडाणी राहण्याची सोय नाही. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव 17 मार्च 1884 रोजी करवीरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले, हे येथले शाळकरी पोरही सांगते. जन्माचे घराणे, जन्मदाते, दत्तक घेणाऱ्या राणीसाहेब, दत्तकविधानाची तारीख, सारे मुखोद्गत. जन्म घाटग्यांचा आणि गादी भोसल्यांची, या दोन गोष्टींत कोणालाही कधी विसंगती वाटली नाही. कंपनी सरकारने 1848 साली साताऱ्याचा आणि पुढे झाशीचा दत्तक नामंजूर केला, त्या अन्यायाचा इतिहास आपण आजही चिडून शिकवतो. म्हणजे राजाच्या दत्तकविधानात दोन्ही घरांची नावे कागदावर हवीत, हे आपल्याला पटते. गरिबाच्या दत्तकविधानात मात्र एकच घर पुरे होते. दुसऱ्या घराच्या जागी आपण ‘उकिरडा’ हा शब्द लिहितो आणि पुढे सरकतो.

आता वृत्तपत्रांच्या भाषेकडे पाहू, कारण आपला अधिकार तेवढाच. मूल सापडल्याच्या बातमीचा साचा ठरलेला आहे : ‘निर्दयी मातेने अर्भक टाकले.’ तेच मूल पुढे परदेशी गेले की साचा बदलतो : ‘बाळाला दत्तक देण्यात आले.’ व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही प्रयोग कर्तरी नव्हेत. पण पहिल्या वाक्यात कर्ता विशेषणासकट उभा आहे, आणि दुसऱ्यात तो नाहीसा झाला आहे. कोणी दिले? कोणाच्या संमतीने दिले? ती संमती कोणत्या भाषेतल्या कागदावर होती, आणि अंगठा उठवणाऱ्या बाईला तो कागद कोणी वाचून दाखवला? किती पैसे कोणत्या नावाने घेतले? ‘देण्यात आले’ या दोन शब्दांत हे सगळे प्रश्न गुंडाळले जातात. जिथे गरीब बाई आहे तिथे कर्ता ठळक, जिथे संस्था आहे तिथे कर्ता लुप्त. पहिल्या वाक्यातले ‘निर्दयी’ हे विशेषण तर बातमीदाराने कोणत्या चौकशीअंती लावले हे तोच जाणे. बापाला मात्र हे विशेषण लागत नाही. तो दोन्ही वाक्यांत नाही. निर्दयी ठरण्याइतकेही अस्तित्व त्याला दिलेले नाही.

या साच्यातली सर्वांत लोकप्रिय कथा आपल्या शेजारच्याच शहरातली आहे. ऑस्ट्रेलियाची अष्टपैलू क्रिकेटपटू लिसा स्थळेकर 1979 साली पुण्यात जन्मली, ससून रुग्णालयाशी निगडित ‘श्रीवत्स’ या संस्थेतून दत्तक गेली, सिडनीत वाढली, 2013 साली विश्वचषक जिंकून निवृत्त झाली आणि 2020 साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या मानकऱ्यांच्या यादीत जाऊन बसली. तिचे कर्तृत्व निर्विवाद आहे. पण व्हॉट्सअॅपवर आणि वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत फिरणारी तिची कथा वाचा. आरंभी मुलीला ‘टाकणारे’ आईबाप, मध्ये परदेशाहून आलेले दांपत्य आणि तिचे पाणीदार डोळे, शेवटी ट्रॉफी. आणि त्याखाली, टाकणाऱ्यांना आज काय वाटत असेल असा एक खोचक प्रश्न. ही कथा पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणीही त्या आईबापांना भेटलेला नाही. त्यांनी का दिले, कोणत्या अवस्थेत दिले, हे ठाऊक नसताना निवाडा मात्र झालेला असतो. शिवाय एक तपशील या कथेत नेहमी दबून जातो. तिचे दत्तक वडील मूळचे मुंबईचेच होते. ‘स्थळेकर’ हे आडनावच ते ओरडून सांगते. पण कथेला ‘परदेशी देवदूत’ हवा असल्याने आडनावाकडे कानाडोळा करावा लागतो.

या प्रकारच्या कथेत ट्रॉफीची भूमिका काय? ती पावती असते. दत्तक घेणे योग्य होते याचा पुरावा म्हणून मुलाचे यश दाखवले जाते. मग जी मुले परदेशात जाऊन सामान्य झाली, कुठल्याशा कारखान्यात नोकरी करतात, ज्यांना आरशात पाहताना प्रश्न पडतात, त्यांचे काय? जाहिरातीत त्यांना जागा नाही. कृतज्ञ आणि यशस्वी अशी दोन्ही अटी पूर्ण करणारी मुलेच पडद्यावर येतात.

दुसरे उदाहरण लातूरचे. 2017 साली अभिनेत्री सनी लिओनी आणि तिच्या पतीने लातूरच्या संस्थेतून एक मुलगी दत्तक घेतली. माध्यमांनी उत्सव मांडला. त्या उत्सवात एक माहिती येऊन गेली : या मुलीला आधी अकरा इच्छुक पालकांनी नाकारले होते, आणि त्यात तिच्या रंगाचा भाग होता. बातमी खरे तर हीच होती. आपल्याच देशातली अकरा घरे एका तान्ह्या मुलीचा रंग पाहून मागे फिरतात, यावर अग्रलेख पडायला हवे होते. पण ती माहिती तारकेच्या औदार्याला उठाव देणारी काळी चौकट म्हणून वापरली गेली. त्याच पानांवर गोरेपणाच्या मलमांच्या जाहिराती होत्या, त्याच अंकांत ‘गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे’ हे रकाने होते. अकरा पालकांची दृष्टी ज्यांनी घडवली तेच बाराव्या दांपत्याच्या दृष्टीचे कौतुक करत होते. आणि त्या मुलीचे छायाचित्र, नाव, गाव, वय हे सारे त्यांनी छापले. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करू नये, असे 2015च्या बालन्याय अधिनियमाचे कलम 74 सांगते. त्यामागचा विचार असा की मुलाच्या पूर्वायुष्यावर गावाचा हक्क नसतो. तारकेचे मूल म्हटल्यावर हा विचार कोणाच्या मनातही आला नाही. ती मुलगी मोठी होऊन हे सारे वाचेल तेव्हा तिला आपल्या रंगाबद्दलचे अकरा नकार वाचावे लागतील. ही भेट आपल्या पत्रकारितेची.

जागतिक जाहिरातीने ही भाषा फार पूर्वीच घडवली. 1990च्या सुमारास ओलिव्हिएरो तोस्कानीने बेनेटन या कपड्यांच्या कंपनीसाठी केलेले एक चित्र प्रसिद्ध आहे : एक गोरी आणि एक काळी स्त्री, आणि दोघींच्या मध्ये एकाच पांघरुणात गुंडाळलेले आशियाई बाळ. वंशभेदाविरुद्धचे विधान म्हणून त्याचे कौतुक झाले. पण ते बाळ आले कोठून, हा प्रश्न त्या चित्रात विचारताच येत नाही. पांघरूण हेच त्याचे जन्मस्थान. रोलाँ बार्थने ‘माणसांचे महान कुटुंब’ या नावाने गाजलेल्या छायाचित्रप्रदर्शनावर लिहिताना हेच बोट ठेवले होते : जन्म सर्वत्र सारखाच, मृत्यू सर्वत्र सारखाच असे म्हणून इतिहास पुसता येतो, पण मूल कसे जन्मते, आई जगते की मरते, त्या मुलापुढे कोणते भविष्य आहे, हे सर्वत्र सारखे नसते. दत्तकाच्या जाहिरातीला हे शब्दशः लागू पडते. ‘माया सगळीकडे सारखीच’ हे तिचे घोषवाक्य. माया असेल सारखी. दारिद्र्य, जात, विधवेवरचा आणि कुमारिकेवरचा पहारा हे सगळीकडे सारखे नाहीत. मुले नेहमी एकाच दिशेने प्रवास करतात, पुण्याहून बर्लिनकडे, बर्लिनहून पुण्याकडे नव्हे. एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

येथे एक आक्षेप येईल : सगळ्याच जाहिराती अशा नसतात. मान्य. 2017 साली व्हिक्सने गौरी सावंत या तृतीयपंथी कार्यकर्तीची आणि तिने वाढवलेल्या मुलीची कथा जाहिरातीत आणली. दिग्दर्शन नीरज घेवान यांचे. त्या जाहिरातीने मातृत्वाची व्याख्या रुंदावली, आणि हक्कांचा कायदेशीर प्रश्नही उच्चारला. हे थोडे नव्हे. त्यात जन्मदात्री आईही आहे. पण ती कशी आहे ते पाहा : ती आजारी आहे आणि मरते. खऱ्या घटनेतही तसेच घडले होते, म्हणून त्या जाहिरातीला दोष देता येणार नाही. प्रश्न असा, की जन्मदात्री जिवंत असलेली दत्तकाची जाहिरात कोणी पाहिली आहे काय? मृत आई चालते. तिच्यावर फुले वाहता येतात. टाकणारी आई चालते. तिच्यावर थुंकता येते. शेतात कामाला जाणारी, दुसरे लग्न झालेली, अधूनमधून हिशेब घालून ‘आता एवढा झाला असेल’ असे मनाशी म्हणणारी जिवंत आई चालत नाही. कारण ती असली की एक मिनिटाची जाहिरात एका मिनिटात संपत नाही.

‘लायन’ हा चित्रपट (2016) या बाबतीत बोलका आहे. खांडव्याचा पाच-सहा वर्षांचा शेरू 1986 साली बऱ्हाणपूरच्या स्थानकावर भावापासून चुकला, रेल्वेत झोप लागून कलकत्त्याला पोचला, आणि पुढच्याच वर्षी तेथील एका संस्थेमार्फत टास्मानियाच्या दांपत्याकडे दत्तक गेला. पंचवीस वर्षांनी, 2012 साली, उपग्रहचित्रांवर रेल्वेमार्ग धुंडाळत तो आपल्या आईपर्यंत परतला. आई त्याच वस्तीत राहिली होती. पोरगा आला तर सापडावे म्हणून. चित्रपट प्रामाणिक आहे, आईला त्यात चेहरा आणि आवाज आहे, शेवटी खरी आई पडद्यावर येते. ऑस्करची सहा नामांकने त्याला मिळाली. पण त्याच कथेचे संगणक-कंपनीने काय केले? गुगलने आपल्या नकाशाच्या प्रचारासाठी तिची चित्रफीत बनवली. आईने पंचवीस वर्षे जागा सोडली नाही. कंपनीच्या कथेत आईला शोधले नकाशाने.

आणि एक साधा शब्द या कथेत पुन्हा पुन्हा वापरला गेला : अनाथ. शेरू अनाथ नव्हता. त्याला आई होती, भावंडे होती, गाव होते. तो हरवला होता. हरवलेल्या मुलाला काही महिन्यांत ‘अनाथ’ ठरवता येते, हाच त्या काळच्या व्यवस्थेचा दोष. पण या दोषाचा प्रश्न ना चित्रपटाच्या प्रसिद्धीने विचारला ना आपल्या परीक्षणांनी. ‘अनाथ’ या शब्दाचा आपला इतिहासही ध्यानात घ्यावा. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 साली काढलेली संस्था ‘अनाथ बालिकाश्रम’ होती, आणि तिथे प्रामुख्याने विधवा होत्या. आईबाप असूनही त्या अनाथ होत्या, कारण ‘नाथ’ नव्हता. म्हणजे हा शब्द मुळातच नात्यापेक्षा आश्रयाच्या अभावाविषयी बोलतो. माध्यमांनी त्याचा अर्थ ‘कोणीच नसलेला’ असा पक्का केला, आणि त्यामुळे आश्रय देता आला असता का, आईसकट देता आला असता का, हा प्रश्नच उरला नाही.

माध्यमांनी शोधपत्रकारिता केली नाही असे मी म्हणत नाही. किंबहुना या क्षेत्रातला मूलभूत निवाडा एका वृत्तातूनच उगवला. परदेशी दत्तकातील गैरप्रकारांवर एका विदेशी नियतकालिकात आलेल्या मजकुराच्या आधारे लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, ते याचिका म्हणून स्वीकारले गेले आणि 1984 साली न्या. भगवतींनी नियम घालून दिले : आधी देशातील पालकांचा विचार, संस्थांना मान्यता, प्रत्येक प्रकरणाची तपासणी. 1990 साली केंद्रीय दत्तक प्राधिकरण आले. 2003 साली भारताने हेग करार स्वीकारला. तरीही 2006 साली पुण्याच्या ‘प्रीत मंदिर’ या संस्थेविषयी एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने वृत्तांत केला. गरीब आईबापांकडून मुले घेण्याचे आणि परदेशी पालकांकडून ठरलेल्या शुल्काहून जास्त रकमा उकळण्याचे आरोप झाले. सामाजिक संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, केंद्रीय अन्वेषण विभागाने 2010 साली गुन्हा नोंदवला आणि संस्थेची मान्यता गेली.

हे पत्रकारितेचे श्रेय आहे, आणि ते दिलेच पाहिजे. पण त्यानंतरच्या बातम्यांचे रूप आठवा. ‘रॅकेट’ हा एकच शब्द. एक खलनायक, एक धाड, एक ‘पर्दाफाश’ आणि पडदा. पुढच्या आठवड्यात पुन्हा विमानतळ, पुन्हा गोरे बोट, सावळी मूठ. परीकथा आणि रॅकेटकथा या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. परीकथेत आई नसते. रॅकेटकथेत ती चेहरा पुसट केलेली, पदर तोंडावर घेऊन रडणारी असते. दोन्हीकडे ती बोलत नाही. दोन्ही कथा एक गोष्ट शाबूत ठेवतात : मागणी. परदेशातील मागणी पैसेवाली आहे, तिला तान्हे मूल हवे आहे आणि ते लवकर हवे आहे. ही मागणीच ‘अनाथ’ तयार करू शकते, असे म्हणायला दोघीही धजत नाहीत.

ज्यांनी बोलायचे ते मात्र बोलू लागले आहेत. पुण्याहून 1973 साली जर्मनीत दत्तक गेलेला अरुण डोहले मोठा होऊन परतला, आपली कागदपत्रे मागत वर्षानुवर्षे न्यायालयात झगडला, आणि मुलांच्या व्यापाराविरुद्ध काम करू लागला. त्याच्यासारख्यांना आपल्या माध्यमांनी कसे रंगवले? ‘मुळांच्या शोधात’. म्हणजे पुन्हा भावकथा. तो मागत होता ती भावना नव्हे, फाइल. 2024 साली स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिक आणि थुरगाऊ या प्रांतांच्या पुढाकाराने एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 1973 ते 2002 या काळात भारतातून तिथे नेलेल्या मुलांच्या कागदपत्रांचा. बारकाईने तपासलेल्या प्रकरणांत जन्मदात्यांच्या संमतीचा कागद सापडला नाही. त्या अभ्यासग्रंथाच्या नावाचा मराठी अर्थ आहे ‘आई अज्ञात’. नेदरलँड्सने 2021 साली परदेशी दत्तक स्थगित केले आणि नंतर ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. चीनने 2024 साली मुले बाहेर देणे जवळपास थांबवले. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने 2025 साली आपल्याच शासनाला जबाबदार धरले. आईबाप असलेल्या मुलांची नोंद अनाथ म्हणून झाल्याचे त्यात आहे. म्हणजे जगभर ही परीकथा उलटतपासणीच्या पिंजऱ्यात उभी आहे, आणि आपल्या पुरवण्या अजून पाणीदार डोळ्यांवर आहेत.

मला विचारले जाईल, आणि स्टाफरूममध्ये विचारले गेलेही : “मग त्या पोरांनी संस्थेतच कुजायचं काय?” नाही. दत्तक घेणाऱ्या पालकांवर माझा रोख नाही. त्यांतल्या कित्येकांनी इथे कोणी स्वीकारली नसती अशी मुले प्रेमाने वाढवली आहेत. आजचे आकडे पाहिले तर 2024-25 या वर्षात देशात सुमारे साडेचार हजार दत्तकविधाने झाली. त्यांतली परदेशी चारशेच्या आत. देशात तीस हजारांहून अधिक पालक रांगेत आहेत. परदेशी जाणाऱ्यांत विशेष गरजा असलेल्या मुलांचे प्रमाण मोठे आहे. म्हणजे ‘मुले पडून आहेत, पालक मिळत नाहीत’ ही जाहिरातीची मांडणीच खोटी. पालक भरपूर आहेत. त्यांना हवे आहे ते निरोगी, तान्हे आणि गोरे. जे मूल तसे नाही ते समुद्रापार जाते. यावर कोणी जाहिरात करील काय? माझा विरोध दत्तकाला नाही. माझा विरोध एका व्यक्तीला पुसून दुसरीचे औदार्य उजळवण्याला आहे.

कायदाही या माध्यमांपेक्षा शहाणा आहे. 2015च्या अधिनियमाच्या कलम 35 नुसार आई किंवा पालक बालकल्याण समितीपुढे मूल सोपवतात, तेव्हा त्यांना पुनर्विचारासाठी दोन महिने दिले जातात. दोन महिने! आईच्या अंगावर दूध आहे, मूल संस्थेत आहे, कागदावर सही झाली आहे पण ती अजून फिरवता येते. घरचे म्हणतात विषय संपला. समिती म्हणते अजून संपलेला नाही. मराठी कथा-नाटकाला आणि माध्यमाला यापेक्षा मोठा काळ कोठे सापडणार? त्या साठ दिवसांवर एक लघुपट निघाला असता, एक लेखमाला झाली असती. किमान एवढी साधी जाहिरात शासनाला करता आली असती, की बाई, सोपवल्यानंतरही तुला दोन महिने आहेत, ये, विचार. हा हक्क ज्या बाईचा आहे तिच्यापर्यंत तो पोचवणारी जाहिरात माझ्या पाहण्यात नाही. जाहिराती आहेत त्या घेणाऱ्यांसाठी.

आणि नेमकी अशी, देणारीसाठीची जाहिरात आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी झाली होती. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि त्याची पत्रके शहरात लावली. त्या पत्रकांचे लक्ष्य कोण होते? मूल हवे असलेले श्रीमंत नव्हेत; गर्भार राहिलेल्या आणि काळ्या पाण्याच्या किंवा विहिरीच्या भीतीखाली जगणाऱ्या विधवा. येथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे ते तुम्ही ठरवा, असा त्यांचा आशय. त्यात निर्दयी माता नाही. तिला त्या टोकाला ढकलणारा समाज आहे. पुढे 1874 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी तिथे बाळंत झालेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तो यशवंत. काशीबाईंचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, कारण फुल्यांच्या कथेतून तिला गाळलेले नाही. मराठी जाहिरातलेखनाचा इतिहास शिकवताना आपण साबण आणि चहापासून सुरुवात करतो. या पत्रकापासून का करत नाही?

साहित्याने तरी हे कधीच जाणले होते. देवकी आणि यशोदा या दोघींपैकी एकीला पुसावे असे आपल्या ओव्यांना, गौळणींना कधी वाटले नाही. आजऱ्यात जन्मलेल्या आणि याच कोल्हापुरात मास्तरकी केलेल्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (1967) आठवा. पेटीत घालून नदीत सोडलेल्या मुलाची ती कादंबरी. तिच्या निवेदकांत कुंती आहे. मूल सोडणाऱ्या आईला सावंतांनी स्वतःच्या तोंडाने बोलायला एक अख्खा भाग दिला. त्या कादंबरीवर आपण पुष्कळ टीका केली आहे. तिची अलंकृत भाषा, तिचा भावनावेग. टीका रास्त असेल. पण भावनावेगी म्हणून आपण जिला नाके मुरडली ती कादंबरी आजच्या ‘संवेदनशील’ जाहिरातीपेक्षा न्यायी आहे, हेही कबूल करू. सावंतांनी निवेदन न दिलेली बाई राधा आहे, आणि तेही वर्गात बोलायला हवे.

म्हणून या पानांवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या सहकाऱ्यांना माझे सांगणे आहे. माध्यमलेखनाचा भाग अभ्यासक्रमात आला तेव्हा आपण तो रोजगाराभिमुख म्हणून आनंदाने स्वीकारला. जाहिरातीची लय, आटोपशीरपणा, आवाहन शिकवले. कर्ता कोठे आहे हे शोधायला शिकवले नाही. ते आपण व्याकरणाच्या तासाला ठेवले, जिथे ते निरुपद्रवी असते. दोन्ही तास एकत्र करा. वर्गात एक बातमी आणा आणि विचारा : हे क्रियापद कोणाचे? ‘देण्यात आले’ यातला देणारा कोण? ‘अनाथ’ कोणी ठरवले? बाप कोठे आहे?

मी तोच विषय पुन्हा दिला. एकच अट घातली : जन्म देणारी बाई संहितेत असली पाहिजे, ती जिवंत असली पाहिजे आणि तिला एक तरी वाक्य असले पाहिजे. या वेळी एकवीसच संहिता आल्या. बाकीच्यांनी सांगितले की जमले नाही, एका मिनिटात बसत नाही. त्या विद्यार्थिनीने जाहिरात लिहिलीच नाही. तिने आत्याला विचारून एक अर्ज लिहून आणला, कागदपत्रे पाहू देण्याविषयीचा, आणि त्यातले शुद्धलेखन तपासून मागितले. मी दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. बाकी त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.